हुकूम द्या, पण लेखी द्या

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतल्या एका परिषदेत वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी रिझर्व्ह बँकेने व्याजदर कमी करावेत, असं जाहीरपणे सांगून टाकलं. खाद्यपदार्थांच्या महागाईकडे बघून दर ठरवणंच मुळात चूक आहे, असंही ते म्हणाले. त्याच परिषदेत त्याच दिवशी गव्हर्नर शक्तिकांत दास होते. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी डिसेंबरच्या पतधोरणाकडे बोट दाखवून विषय बाजूला सारला. चार दिवसांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही कर्जं स्वस्त व्हायला हवीत, असा सूर लावला. मग जे व्हायचं तेच झालं. एका बाजूने स्वायत्ततेचा गळा घोटल्याची ओरड सुरू झाली. दुसऱ्या बाजूने सवाल आला की, कुणीही निवडून न दिलेल्या अधिकाऱ्यांनी देशाची वाढ किती दिवस रोखून धरायची? दर वर्षी मे महिन्यात बँकेने सरकारला द्यायचा लाभांश जाहीर झाला की हाच प्रयोग थोडे संवाद बदलून पुन्हा होतो.

हा वाद वर्षानुवर्षं चुकीच्या प्रश्नावर चालला आहे, असं माझं मत आहे. सरकारचं रिझर्व्ह बँकेवर नियंत्रण असावं की नसावं, हे आता विचारण्यात अर्थ नाही. ते आहे, कायद्याने आहे आणि काही प्रमाणात असायलाच हवं. प्रश्न आहे तो हे नियंत्रण कुठून चालतं याचा. संसदेच्या पटलावर ठेवलेल्या कागदातून, की अर्थखात्यातून आलेल्या फोनवरून? गोयल मुंबईत जे बोलले ते चारचौघांत बोलले. त्या संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात कमी काळजी करण्यासारखी गोष्ट तीच होती.

स्वायत्ततेच्या कैवाऱ्यांनी एकदा १९३४ चा रिझर्व्ह बँक कायदा उघडून बघावा. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हापासून तिचं सगळं पाच कोटींचं भागभांडवल केंद्र सरकारचं आहे. गव्हर्नर सरकार नेमतं. कलम ११ खाली सरकार त्याला काढू शकतं आणि काढण्याची कारणं काय असावीत हे तिथे लिहिलेलं नाही. कलम ३० खाली केंद्रीय संचालक मंडळच बरखास्त करता येतं. कलम ७ खाली गव्हर्नरशी सल्लामसलत करून सरकार सार्वजनिक हितासाठी बँकेला थेट आदेश देऊ शकतं. महागाईचं चार टक्क्यांचं लक्ष्य, खाली-वर दोन टक्क्यांच्या मुभेसह, २०१६ मध्ये ठरलं तेही सरकारनेच ठरवलं, बँकेशी सल्लामसलत करून. सहा जणांच्या पतधोरण समितीतले तीन सदस्य सरकारने नेमलेले असतात. ज्या स्वायत्ततेबद्दल आपण गळे काढतो ती या कायद्यात शोधून सापडत नाही. ती उरली आहे रूढीत, आणि त्या त्या गव्हर्नरच्या कण्यात.

तरीही दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, पाव टक्क्याने वाढला की कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत लाखो घरांचे हप्ते लांबतात. हा निर्णय घेणाऱ्याला कुणी मत दिलेलं नसतं आणि पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवताही येत नाही. लोकशाहीत इतकी मोठी सत्ता कुणालाही न विचारता वापरायची? शिवाय तज्ज्ञ चुकत नाहीत असंही नाही. मे १९२२ मध्ये जर्मनीच्या राइशबँकेला दोस्त राष्ट्रांच्या आग्रहाने कायद्याने सरकारपासून स्वतंत्र करण्यात आलं. पुढच्या दीड वर्षात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजायची वेळ आली. बँकेचे अध्यक्ष हावेनश्टाइन यांना सरकारच्या हुंड्या वटवायचं बंद करण्याची मोकळीक होती. त्यांनी त्या वटवणं चालूच ठेवलं. जर्मन महागाईची गोष्ट स्वायत्ततेच्या बाजूने सांगणारे हा तपशील सोयीने गाळतात.

कांद्याचंही तसंच. रेपो दर वाढवल्याने लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढत नाही, हे मंत्र्यांचं म्हणणं खरं आहे. पण मग सरकार स्वतः काय करतं? ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. महागाईविरुद्धचं हे धोरण नाशिकच्या शेतकऱ्याच्या खिशातून राबवलं गेलं. त्यासाठी ना समिती बसली, ना कुणी मतदान केलं, ना कुणाचं इतिवृत्त निघालं. निवडून आलेल्या लोकांकडे निर्णय सोपवला की तो आपोआप लोकशाहीचा होतो, हे समीकरण नाशिक जिल्ह्यात कुणाला पटवून दाखवावं.

मग व्याजदर सरकारच्या हाती का नकोत? नैतिकता, सचोटी वगैरे बाजूला ठेवा. साधं कारण हे की देशातला सगळ्यात मोठा कर्जदार सरकार आहे. कर्ज घेणाऱ्यानेच व्याज ठरवायचं म्हटलं की काय होतं, ते समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्यात व्याजदराचा परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि निवडणूक त्याआधी येते. तुर्कस्तानात अध्यक्ष एर्दोआन यांनी जुलै २०१९ ते मार्च २०२१ या काळात तीन गव्हर्नर घरी पाठवले. महागाई चढत असताना १९ टक्क्यांवरचा दर ८.५ टक्क्यांपर्यंत खाली आणवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला महागाईचा सरकारी आकडाच ८५ टक्क्यांच्या वर होता. २०२३ ची निवडणूक पार पडली आणि तोच दर वाढवत ५० टक्क्यांवर न्यावा लागला.

आपल्याकडे इतका तमाशा कधी झाला नाही. आपली पद्धत शांत आहे, म्हणून जास्त टिकाऊ आहे. १९५५ मध्ये अर्थखातं आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक समझोता झाला. सरकारची बँकेतली शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की बँकेने आपोआप ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचे रोखे, तयार करायची आणि तेवढी रक्कम सरकारच्या खात्यात जमा करायची. ॲड-हॉक बिलं म्हणजे तात्पुरती सोय, असं नावातच होतं. ही तात्पुरती सोय १९९७ पर्यंत चालली. मुदत संपली की जुन्या बिलाच्या जागी नवं बिल. चार दशकं सरकारची तूट नोटा छापून भरली जात होती आणि तिला मर्यादा घालणारं कलम नव्हतं, कारण मुळात तो कायदाच नव्हता. ती होती दोन कार्यालयांमधली आपसातली व्यवस्था.

त्या वेळी अर्थमंत्री कोण होते? चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा बँकेच्या खुर्चीत असलेले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदावर पाणी सोडणारे. यांच्याहून ताठ कण्याचा आणि बँक आतून ओळखणारा अर्थमंत्री आपण कुठून आणणार? तरीही त्यांच्याच कारकिर्दीत ही पळवाट तयार झाली. माणूस चांगला असला की संस्था आपोआप नीट चालते, यावर विसंबून राहणाऱ्यांनी या उदाहरणावर जरा थांबावं.

देशमुखांनंतर टी. टी. कृष्णम्माचारी आले. १९५६ च्या अखेरीस त्यांनी हुंड्यांवरचं मुद्रांक शुल्क वाढवायचा प्रस्ताव आणला. दिसायला कराची किरकोळ बाब. प्रत्यक्षात त्यामुळे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देत होती तो दर वाढला, तोही रिझर्व्ह बँकेला बाजूला ठेवून. गव्हर्नर बेनेगल रामा राव साडेसात वर्षं त्या पदावर होते. संचालक मंडळाने हरकत नोंदवली. मंत्र्यांनी बँक ही आपल्या खात्याचीच एक शाखा असल्यासारखी भाषा केली. पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली आणि रिझर्व्ह बँक सरकारच्या कामकाजाचाच भाग आहे, असं रामा रावांना कळवलं. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. के. जी. आंबेगावकर यांनी दीड महिना कारभार सांभाळला आणि मग नवे गव्हर्नर आले. रिझर्व्ह बँकेला सरकारने वाकवण्याची सुरुवात २०१४ नंतर झाली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एवढं पुरे. आणि नेहरूंनी केलं म्हणून आज चालतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या गोष्टीचा उरलेला भागही ऐकावा.

कारण वर्ष पुरं व्हायच्या आत तेच मंत्री दुसऱ्या एका सरकारी संस्थेवरून अडचणीत आले. आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलंच गेलं नव्हतं. आदेश दिला कुणी? अर्थसचिव म्हणाले, मंत्र्यांची संमती होती. मंत्री म्हणाले, मला माहीत नव्हतं. कागदावर काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी मुंबईत उघड्यावर चौकशी केली, लोकांनी त्यातली साक्ष न साक्ष ऐकली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींना जावं लागलं. छागलांच्या अहवालातलं एक तत्त्व मला या विषयावरच्या आजवरच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोलाचं वाटतं. कायद्याने स्थापन झालेल्या स्वायत्त महामंडळांच्या कामात सरकारने हस्तक्षेप करू नये, आणि करायचाच असेल तर लेखी आदेश देण्याची जबाबदारी टाळू नये, असं त्यांनी बजावलं होतं.

हस्तक्षेप पाप आहे, असं छागला म्हणाले नाहीत. हस्तक्षेपाखाली सही हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ही सूचना कुणी अमलात आणली असेल तर ती कॅनडाने, अर्थात छागलांचं नाव न घेता. तिथले गव्हर्नर जेम्स कॉइन बेकारी वाढत असतानाही पैसा आखडून धरत होते. सरकार वैतागलं होतं, आणि केवळ सरकारच नव्हे, अनेक अर्थशास्त्रज्ञही त्यांना काढा म्हणत होते. म्हणजे प्रत्येक वेळी गव्हर्नरच बरोबर असतो असंही नाही. सरकार मात्र एकीकडे धोरण बँकेचं आहे, आमचा संबंध नाही, असं म्हणून हात वर करत होतं. शेवटी १९६१ मध्ये पद रिकामं जाहीर करणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं. सिनेटने कॉइन यांचं म्हणणं ऐकून घेतलं, विधेयक फेटाळलं आणि मग कॉइन यांनी स्वतःहून राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले लुई रॅस्मिन्स्की यांनी पद घेतानाच भूमिका मांडली: रोजचं धोरण बँक ठरवेल, पण मूलभूत मतभेद झाला तर मंत्र्याला आदेश देण्याचा अधिकार असावा, तो आदेश लेखी आणि नेमका असावा आणि लगेच प्रसिद्ध व्हावा. १९६७ मध्ये तसा कायदा झाला. त्या कलमाखाली आजवर एकही आदेश निघालेला नाही. उघड सही करायची म्हटल्यावर मंत्र्यालाही दहादा विचार करावा लागतो आणि आदेश निघाला तर आपल्याला जावं लागेल हे गव्हर्नरलाही ठाऊक असतं. दोघंही मग शहाण्यासारखे वागतात.

आता आपलं कलम ७ बघा. तेही कधी वापरलं गेल्याची नोंद नाही, पण आपल्याकडे त्याचं कारण वेगळं आहे. २०१८ मध्ये बुडीत कर्जांच्या बँकांवरचे निर्बंध, बिगरबँक वित्तसंस्थांची रोकडटंचाई आणि बँकेचा राखीव निधी यांवरून सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात जुंपली. २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतल्या भाषणात अर्जेंटिनाचं उदाहरण देऊन धोक्याची घंटा वाजवली. कलम ७ खालच्या सल्लामसलतीची पत्रं गेल्याच्या बातम्या आल्या. अर्थखात्याने पत्रक काढलं, त्यात स्वायत्ततेचं कौतुक होतं आणि कलम ७ बद्दल ना होकार ना नकार. १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला. नेमकं काय मागितलं गेलं, कुणी नाही म्हटलं, कुणाचं बरोबर होतं? अधिकृत कागदावर आजही काही नाही. सरकारचं म्हणणं रास्त असण्याची शक्यता मी नाकारत नाही. छोट्या उद्योगांना कर्ज मिळत नव्हतं हे खरंच होतं. पण मग आदेश काढा, सही करा, लोकांसमोर या. धाक दाखवायचा कलमाचा आणि काम करून घ्यायचं आडून, यात सत्ता सगळी आणि जबाबदारी शून्य.

नोटाबंदीत तर बँकेच्या संमतीचा शिक्काही वापरला गेला. कलम २६(२) प्रमाणे नोटा रद्द करण्याची शिफारस केंद्रीय संचालक मंडळाने करायची असते. प्रत्यक्षात सरकारचं पत्र आलं ७ नोव्हेंबर २०१६ ला. मंडळ दिल्लीत बसलं ८ तारखेला संध्याकाळी साडेपाचला. रात्री आठला पंतप्रधान दूरचित्रवाणीवर होते. त्या बैठकीचं इतिवृत्त २०१९ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. काळा पैसा बहुतांशी रोकडीत नसून सोन्यात आणि जमीनजुमल्यात आहे, असं संचालकांनी त्यात नोंदवलं होतं. त्या वर्षीच्या वाढीला फटका बसेल, असंही म्हटलं होतं. आणि तरीही शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चार विरुद्ध एक अशा निकालाने प्रक्रिया वैध ठरवली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी मात्र वेगळ्या निकालपत्रात बँकेने स्वतंत्रपणे विचारच केला नसल्याचं म्हटलं. संचालकांची हरकत नोंदवलेलं इतिवृत्त आठवड्याभरात लोकांसमोर आलं असतं, तर चर्चा तेव्हाच वेगळी झाली नसती का?

इथवर वाचून कुणी मला रिझर्व्ह बँकेचा वकील समजेल, म्हणून दुसरी बाजू. व्याजदर ठरवण्यासाठी लागणारी मोकळीक बँक दुसऱ्याच कामात ढालीसारखी वापरते. बँकांची तपासणी हे तिचं तितकंच मोठं काम, आणि त्याचा हिशेब मागितला की तिथेही गोपनीयता. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना गेला सप्टेंबर २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं ठेवीदार लटकत राहिले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेतली बहुतेक कर्जं एकाच बांधकाम समूहाला गेली होती, ती लपवायला हजारो बनावट खाती उघडली होती. हे वर्षानुवर्षं तपासणीत दिसलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये दिसलं तेव्हा खातेदाराला आधी सांगितलं, सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढा. सहकारी बँकांवर राज्याचा सहकार विभाग आणि रिझर्व्ह बँक असं दुहेरी नियंत्रण होतं ही अडचण खरी, आणि २०२० च्या कायदादुरुस्तीने ती बरीच कमी झाली. पण त्या अपयशाची उघड सुनावणी कुठे झाली? बँकांचे तपासणी अहवाल देणार नाही, आमचं आणि बँकांचं नातं विश्वासाचं आहे, असा रिझर्व्ह बँकेचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये फेटाळला. त्यानंतरही अहवाल द्यायची टाळाटाळ झाली आणि २०१९ मध्ये न्यायालयाला अवमानाचा इशारा द्यावा लागला. इथे बँकेवर देखरेख कमी पडली, जास्त नव्हे.

लाभांशाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २०२४-२५ साठी २,६८,५९० कोटी रुपये सरकारकडे गेले. परकीय मालमत्तेवरचं आणि सरकारी रोख्यांवरचं व्याज, आणि जुन्या स्वस्त दराने घेतलेले डॉलर आजच्या दराने विकून झालेला नफा यांतून ही रक्कम येते. किती ठेवायचं आणि किती द्यायचं याची चौकट बिमल जालान समितीच्या शिफारशींवरून २०१९ पासून छापील स्वरूपात आहे. २०१८ साली याच पैशावरून बंद दाराआड रण माजलं होतं. नियम लिहिला गेला आणि वादातली हवा गेली. आता भांडायचंच असेल तर नियमावर भांडता येतं, आणि ते चांगलंच आहे.

उघडपणाविरुद्ध दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, बाजार घाबरेल. २०१८ च्या ऑक्टोबरात सूत्रांच्या हवाल्याने रोज नवी बातमी येत होती, तेव्हा बाजार निवांत होता का? अफवेपेक्षा सहीचा कागद बाजाराला नेहमीच बरा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आपले खासदार हे काम करतील का, की कॅमेऱ्यासमोर भाषणं ठोकतील? जानेवारी २०१७ मध्ये ऊर्जित पटेल संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीपुढे गेले, तेव्हा एका अडचणीच्या प्रश्नावर तुम्ही उत्तर द्यायलाच हवं असं नाही, असा सल्ला त्यांना समितीतल्याच मनमोहन सिंग यांनी दिल्याच्या बातम्या आल्या. माजी गव्हर्नरने पदाची बूज राखली, हे सुंदर आहे. पण आपल्याला हे कळलं ते फुटलेल्या बातमीतून, कारण स्थायी समित्या बंद दाराआड चालतात. खासदार तयारी करत नाहीत याचं एक कारण त्यांना तयारी करताना कुणी बघत नाही, हेही आहे. ब्रिटनमध्ये गव्हर्नरला संसदीय समिती उघड्यावर उलटतपासते आणि सगळेच खासदार तिथेही काही विद्वान नसतात.

म्हणून कायद्यात दोन दुरुस्त्या हव्यात. कलम ७ खालचा कोणताही आदेश, किंवा त्यासाठीच्या सल्लामसलतीचं पत्र, ठरावीक दिवसांत दोन्ही सभागृहांपुढे ठेवणं बंधनकारक व्हावं. गव्हर्नरला काढायचं असेल तर कारणं लिहून द्यावी लागावीत. आणि गव्हर्नरने वर्षातून दोनदा उघड्या समितीपुढे यावं, पतधोरणासाठी आणि बँक-तपासणीसाठी वेगवेगळं. यासाठी तर संसदेच्या नियमांत बदल केला तरी भागेल.

एक गोष्ट उद्या सकाळीही करता येईल. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ अशा सलग तीन तिमाही महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली. कलम ४५झेडएन प्रमाणे रिझर्व्ह बँकेला सरकारला अहवाल द्यावा लागला: लक्ष्य का चुकलं, उपाय काय, किती वेळ लागेल. ३ नोव्हेंबरला पतधोरण समितीची खास बैठक झाली आणि अहवाल गेला. इंग्लंडमध्ये असं पत्र पहिल्यांदा लिहायची वेळ आली ती एप्रिल २००७ मध्ये, आणि ते त्याच दिवशी सगळ्या जगाने वाचलं. आपल्याकडे गव्हर्नर म्हणाले, पत्र सरकारला लिहिलेलं आहे, मी ते कसं उघड करू. सरकारने संसदेत सांगितलं, अहवाल जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही. खरं आहे, नाही. जाहीर करू नये अशीही नाही.